कस्तुराची शीळ आणि आपला हात

गेल्या आषाढांत पनवेल तालुक्यांतील एका खेड्यांत आम्ही मुक्कामास होतों. उजाडण्यापूर्वी ओढ्याकडून शीळ ऐकूं आली. कोणी पोरगा मनास येईल तसें वाजवीत चालला असावा असें वाटलें. कारण त्या शिळेस ना आरंभ, ना शेवट. घरधनी हंसून म्हणाले, "पाळकसाहेब, तो पोरगा नव्हे, कस्तुर आहे."

त्याच दिवशीं त्यांच्या मुलानें आम्हांस विचारलें, "ओढ्याच्या कड्यांत त्याचें घरटें आहे. एक पिलूं आणून पिंजऱ्यांत वाढविलें, वेळेवर खाऊं घातलें, सापापासून राखलें, तर त्यांत पाप तें काय? आम्ही तर त्याच्यावर प्रेमच करूं." प्रिय वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

प्रथम हा पक्षी कसा आहे तें पाहूं. तो साळुंकीहून मोठा, रंगानें काळसर. कपाळावर व खांद्यांवर चकाकणारा निळा रंग. सह्याद्रीच्या ओढ्यांपाशीं राहून किडे, गोगलगाई, खेकडे व रानफळें खातो. पावसाळ्यांत पाण्याजवळच्या कपारींत, कधीं धबधब्याच्या आड, मुळ्या, शेवाळ व चिखल यांचें वाटीसारखें घरटें होतें आणि मादी त्यांत दोन ते चार अंडीं घालते. शीळही मुख्यत्वें त्याच दिवसांतली. हिंवाळ्यांत तो बहुधा मुका असतो. नवी मुंबईजवळ कर्नाळ्याच्या रानांत, जेथें १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे, तो आढळतो. त्याचा नातेवाईक निळा कस्तुर मात्र हिंवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो, खडकांवर व जुन्या भिंतींवर बसतो आणि उन्हाळ्यांत परत जातो.

आतां ही शीळ कोणासाठीं आहे? आपल्यासाठीं नव्हे. नर तिनें आपली हद्द सांगतो व जोडीदारिणीस बोलावितो. आपण वाटेनें जातां जातां दुसऱ्याचें बोलणें ऐकतों, इतकेंच. पिंजऱ्यांतही तो शीळ घालील. पण तेथें ओढा नाहीं, हद्द नाहीं, जोडीदारीण नाहीं. शब्द राहिले, ज्यास सांगावयाचें तोच गेला. वेळेवर मिळालेल्या चाऱ्यानें ही हानि भरून येत नाहीं.

मंडळींतील एक वडील म्हणाले कीं, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत मादीस सोडून पिलें घेण्याची मोकळीक आहे. खरें आहे. परंतु तेथें घेणाऱ्या हातासही मर्यादा घातली आहे: सर्वच नेऊं नये. भुकेस जर मर्यादा आहे, तर हौसेस नसावी काय? शिवाय आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असा रानपक्षी धरून बाळगणें गुन्हा आहे.

पण केवळ मुलास बोल लावून आपण सुटत नाहीं. पारसिकचा डोंगर दगडखाणींनीं कसा फोडला आहे, हें नवी मुंबईस जाणाऱ्यांनीं पाहिलें आहे. अशाच खडीचीं घरें व रस्ते होतात, आणि त्या रस्त्यांवरून आम्हीही चालतों. पिंजरा एक पिलूं नेतो. सुरुंग कपारच नेतो. घरें बांधूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. मर्यादा मात्र येथेंही तीच.

अमेरिकेंत एक नीलपक्षी आहे. तो झाडाच्या ढोलींत घरटें करतो. यूरोपांतून नेऊन सोडलेल्या चिमण्यांनीं व भोरडीच्या जातीच्या पक्ष्यांनीं त्याच्या ढोली बळकाविल्या, तेव्हां तेथील लोकांनीं शेतांच्या कडेस लांकडी पेट्या टांगल्या. पेटीस एक भोंक ठेविलें, पण त्यास दार लाविलें नाहीं. पक्षी पुन्हा वाढले.

पिंजरा व पेटी, दोन्ही लांकडाचीं. भेद दाराचा आहे. आपलें प्रेम दार लाविणारें आहे कीं दार उघडें ठेवणारें, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें. पक्ष्यांविषयीं विचारावें, आणि आपल्या मुलांविषयींही.

दुसऱ्या पहाटे पुन्हा शीळ आली. मुलगा आमच्याजवळ ओट्यावर बसून ऐकत होता. पिलाची गोष्ट त्यानें काढली नाहीं.