धावणाऱ्याचे चित्त



सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत, पहाटे रस्त्याने धावणारी मुले-मुली आपण पाहतो. शर्यत जवळ आली की त्यांच्या मनात भीती शिरते. पूर्वी अशा वेळी घरात नवस बोलला जाई, दंडात गंडा बांधला जाई. ते आपण सोडले. मग त्याच्या जागी लेकराच्या हाती काय द्यावयाचे?

“जीव गेला तरी चालेल, पण पहिला ये,” असे सांगाल, तर गंडा जाऊन त्याच्या जागी ओझे आले, इतकेच!

सोण कोळिविस हा धनिकपुत्र भिक्खू झाला आणि पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करू लागला. तरी चित्त मुक्त होईना. भगवंतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर बिघडतो. सैल सोडली तर सूरच निघत नाही. प्रयत्न सम असावा.

धावण्याच्या सरावातही हेच आहे. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये सुमारे २१ किलोमीटर धावायचे असते. अगोदर यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग त्याच वाटेने उतरायचे. चढताना मन माथ्यावर गेले तर पाय जड होतात. म्हणून चित्त श्वासावर आणि पुढच्या पावलावर ठेवावे. ते भटकले तर रागावू नये. जाणून घ्यावे आणि परत आणावे. मात्र एकाग्रता म्हणजे शरीराकडे डोळेझाक नव्हे. पायाचा थकवा वेगळा, छातीतली कळ वेगळी. कळ आली तर तत्काळ थांबावे. तो पराभव नव्हे, ती जागृती आहे.

माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवून २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेल्या. तेथे ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. शेवटच्या रेषेवरच डोळा ठेवणारा पुढ्यातल्या अडथळ्यालाच अडखळेल. ध्येय अवश्य असावे. पण ते गाठले जाते या क्षणाच्या पावलाने.

म्हणून मातापित्यांनो, शर्यतीच्या आदल्या रात्री लेकराला नंबर विचारू नका. वेळेवर जेवू घाला, पुरते झोपू द्या आणि सांगा, “तुझा सराव तुझ्याबरोबर आहे. नंबर आला काय, न आला काय, हे घर तुझेच आहे.” एवढा आधार कोणत्याही गंड्यात नव्हता.