कलमाचा चाकू घे

कुर्डुवाडी, भाद्रपद

चि. बाळ,

कलमाचा चाकू घे. पारंपरिक चाकू कोणता घ्यावा, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकतो. कारणे सावकाश वाच.

तुझ्या संग्रहातले सगळे चाकू एकाच घराण्याचे आहेत. १९८१ साली अमेरिकेतल्या स्पायडर्कोने 'वर्कर' नावाचा चाकू काढला, पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप असलेला. पाते अंगठ्याने उघडायचे आणि चाकू खिशाच्या काठाला अडकवायचा, ही रीत पुढे सगळीकडे रुळली. मग लॉक भक्कम होत गेले, पोलादे बदलली, पाती जाड झाली. मी इथल्या नॅरोगेजच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. तुझ्या चाकूंचे लॉक किती नेमके बसतात ते पाहून मला मनापासून आनंद होतो. पण त्यातल्या जाड पात्याच्या एखाद्याने सफरचंद कापून बघ. धार निम्म्यावर पोचते न पोचते तोच फोड तडकून वेगळी होते. पाठीला साडेतीन-चार मिलिमीटर जाडी असली की पाते कापण्याऐवजी फाडू लागते. तुझ्याकडे पातळ पात्याचा, निव्वळ कापण्यासाठी घडवलेला चाकू एकही नाही. म्हणून पारंपरिक चाकू निवडताना त्याचे दुर्मीळपण बघू नकोस, हे काम तो कसे करतो ते बघ.

आपल्या भागात या कामाची खरी परीक्षा द्राक्षबागेत होते. ऑगस्ट-सप्टेंबरात खुंटावर कलमे बांधतात. खुंट बहुधा डॉगरीजचा, कारण तो पाण्याचा ताण आणि खारे पाणी सोसतो. त्यावर हव्या त्या जातीची डोळ्यांची काडी. काडीला दोन्हीकडून उतरता छेद देऊन पाचर करायची, खुंट मधोमध चिरून ती आत बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. सालीखालचा ओला हिरवा थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला पाहिजे. छेद जरा जरी खोलगट किंवा लहरी आला, तरी आत पोकळी राहते आणि काडी वाळते. म्हणून छेद एका ओढीत आणि सपाट यावा लागतो.

त्यासाठी कलमाच्या चांगल्या चाकूची धार एकाच अंगाने काढलेली असते. दुसरे अंग पाठीपासून धारेपर्यंत सपाट. ते सपाट अंग काडीला टेकवून ओढले की पाते आत घुसत नाही आणि वरही निसटत नाही. बोराला डोळा भरतात तिथे कसब वेगळे. सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल दोन्हीकडे अलगद उचलायची आणि डोळा आत सरकवायचा. साल उचलण्यासाठी काही चाकूंना पितळेची किंवा हाडाची बोथट जीभ असते. तुझ्या महागड्या चाकूंमध्ये असा विचार करून घडवलेला एक तरी भाग आहे का, ते शोध. मला तरी तू पाठवलेल्या फोटोंत दिसला नाही.

आता तुझ्यापुरती अडचण. तू डावखुरा आहेस. एकअंगी धार बहुधा उजव्या हाताच्या माणसासाठी काढलेली असते. डाव्या हातात सपाट बाजू उलटी पडते. पाते उघडायची नखाची खाचही सहसा उजव्या हाताच्या सोयीने कोरलेली असते. जर्मनीतल्या टिना कंपनीचे डावखुऱ्यांसाठीचे कलमाचे चाकू मिळतात, पण ते महाग. लुधियान्याच्या फाल्कनचा साधा चाकू शेती-अवजारांच्या दुकानात मिळतो. शिकायला तो पुरे, मात्र धार कोणत्या अंगाने आहे ते आधी बघ. यातले काहीच जमले नाही तर फ्रान्सचा ओपिनेल आठ नंबर घे. तो कलमाचा चाकू नाही, पण ओपिनेलचे चाकू १८९० पासून शेतकऱ्यांच्या खिशात राहिलेले आहेत. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटर, पातळ, धार दोन्ही अंगांनी, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी आवृत्तीही निघते.

स्विस चाकूचे तू विचारलेस. त्यातला अधिकाऱ्यांसाठीचा चाकू १८९७ सालचा, आणि आपली नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वेही त्याच साली सुरू झाली, म्हणून त्याच्याविषयी मला उगाच जिव्हाळा आहे. तो उपयोगी आहेच. पण पोलाद स्टेनलेस, आणि मला तुझ्या हातात एक तरी साध्या कार्बन पोलादाचा चाकू हवा आहे.

कार्बन पोलादाला राखावे लागते, हाच त्याचा गुण आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. ते लोखंडाला भिडले की काळे होते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग काढतात तेही याच रसायनाने. आठवडाभर डाळिंब, पेरू, कैरी कापलीस की पात्यावर काळपट निळी झाक चढेल. ती घासून काढू नकोस, तिने तांबडा गंज थोडा आवरतो. लिंबू कापून पाते तसेच ठेवलेस तर मात्र खड्डे पडतील. पुसून कोरडे कर, सांध्यात तेलाचा एक थेंब सोड.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. चाकू घेऊन कुणाच्या डाळिंबाच्या बागेत शिरशील तर झाडाला लावण्याआधी विचार. तेल्या रोग हत्यारांवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. छाटणीची हत्यारे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करतात. हे द्रावण कार्बन पोलाद खाते, म्हणून काम संपताच चाकू साध्या पाण्याने धुऊन पुसायचा. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, इतके हे पीक आपल्या जिल्ह्याचे आहे. खिशातल्या चाकूने कुणाची बाग बुडवू नकोस.

रामपुरी चाकूचा मोह तुला होणार, हे मी जाणतो. त्याची पितळी मूठ आणि कारागिरी पाहण्यासारखी असते, आणि सिनेमाने त्या कारागिरांवर अन्याय केला असे माझे मत आहे. संग्रहात ठेव, खिशात नको. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, घरगुती आणि शेतीकामाची वगळून. उत्तर प्रदेशात तर रामपुरीच्या पात्यावर साडेचार इंचांची मर्यादा घातली होती. कलमाचा चाकू कुणी पाहिला तर त्याचे काम काय, हे तुला एका वाक्यात सांगता येते.

विकत घेताना पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून बघ, सांधा खिळखिळा नको. मिटताना पाते मधोमध बसावे. पाठीच्या कमानीची आणि मुठीची फट उजेडापुढे धरून तपास, उजेड आरपार दिसता कामा नये. आणि तुला लॉकची सवय आहे म्हणून सांगतो: कमानीच्या चाकूला लॉक नसते. त्याने टोचायचे नाही, टोकावर दाब पडला तर पाते बोटांवर मिटते.

धारेसाठी बारीक दगड पुरे. एकअंगी पाते दगडावर उतरत्या बाजूनेच घास, सपाट बाजू शेवटी दोन-तीन वेळा टेकवून फक्त कंगोरा काढ. दोन्हीकडून सारखे घासलेस तर छेदाची सपाटी गेली.

पैसे घालण्याआधी इकडे ये. येत्या आठवड्यात शेजारच्या बागेत कलमे बांधणारी माणसे येणार आहेत. त्यांच्याजवळ बैस, काडी कशी धरतात ते पाहा, आणि दुपारी ते जेवायला बसले की परवानगी घेऊन एकेकाचा चाकू हातात घेऊन बघ. छाटलेल्या काड्यांचा ढीग पडलेला असतोच. त्यावर डाव्या हाताने पाचर करून पाहा. मग ठरव.

तुझा,
आजोबा