आदाम आणि नर्मदेकाठची कवटी



धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने परवा मला एक काळसर दगड आणून दिला. त्याचे वडील खाणीत कामाला आहेत. दगडावर पानाचा ठसा होता, शिरा मोजाव्यात इतका स्पष्ट. उमरेडचा कोळसा ज्या झाडांचा झाला, त्या काळातले ते पान; वय २५ कोटी वर्षांहून अधिक. मुलगा म्हणाला, "फादर, हे देवाने कितव्या दिवशी केले? आणि माणूस माकडापासून झाला, तर मग आदाम?"

पूर्वी दुसऱ्या एका गावी असेच विचारणाऱ्या मुलाला मी दटावून खाली बसविले होते. कॉलेजात गेल्यावर त्याने मिस्साला येणे सोडले. त्याचा जाब मला द्यावा लागेल.

या वेळी मी एका धर्मगुरूची गोष्ट सांगितली. येशूसंघाचे फादर तेयार द शार्दँ हे जीवाश्मांचे अभ्यासक. १९३५ साली ते हेल्मुट डी टेरा यांच्याबरोबर आपल्या सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात आदिमानवाच्या खुणा शोधत आले होते. तिथे दगडी हत्यारे मिळत. माणसाचे हाड मात्र मिळाले नव्हते. पुढे १९८२ साली हथनोरा गावाजवळ भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना पुरातन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. तिचे वय किती, ती नेमकी कोणत्या मानवाची, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

फादर तेयार यांना ईश्वरज्ञानावरचे आपले ग्रंथ हयातीत छापता आले नाहीत. १९६२ साली रोमने त्या ग्रंथांविषयी सावधगिरीची सूचनाही दिली. हे लपविण्यात अर्थ नाही. पण ते शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले, आणि १९५५ साली ईस्टरच्या रविवारी देवाघरी गेले.

मानवी शरीराच्या उत्पत्तीचा शोध घेण्यास पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच मुभा दिली; आत्मा मात्र देव स्वतः निर्माण करतो, असे बजावले. उत्क्रांती हा आता केवळ तर्क उरलेला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली सांगितले. शिवाय आजच्या माकडापासून माणूस झाला, असे विज्ञानही म्हणत नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढेच म्हणते.

उत्पत्तीचे पुस्तक तारखा सांगायला लिहिलेले नाही. आपण कोणाचे, हे ते सांगते. हिब्रू भाषेत आदाम हे नावच मातीच्या शब्दाशी जोडलेले आहे. राखेच्या बुधवारी आपण कपाळावर तेच तर लावून घेतो! ती माती घडायला देवाने किती वर्षे घेतली, हे शास्त्रज्ञांनी खुशाल मोजावे.

तो दगड माझ्या टेबलावर आहे. मिस्सानंतर मुलांनी येऊन बघावा, हातात घ्यावा. प्रश्न असतील तर तेही आणावेत.