ट्रॉली गेली, पण जबाबदारी?



जुने घर पाडायचे म्हटले की मलबा उचलायला भाड्याची ट्रॅक्टर-ट्रॉली येते. माती-विटांबरोबर घरातली अडगळही तिच्यात जाते: फुटकी ट्यूबलाइट, इन्व्हर्टरची संपलेली बॅटरी, कीटकनाशकाचे डबे, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया, सिमेंटचे जुने पत्रे. ट्रॉली कुठे रिकामी होते हे आपण विचारत नाही. भाडे दिले, विषय संपला.

खरेच संपला का? प्राचीन रोमन कायद्यात मालकाने एखादी वस्तू कायमची टाकून दिली की तिच्यावरची त्याची मालकी संपे. जो उचलेल त्याची ती. मालकीपुरते हे ठीक आहे; तिच्याबरोबर जबाबदारीही संपते, हे मात्र आपण आपल्या सोयीने जोडून घेतो. निर्गम (२१:३३-३४) वेगळे सांगतो. कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात बैल किंवा गाढव पडून मेले, तर भरपाई खड्डेवाल्याने द्यायची. मी तिथे नव्हतो, मी बैलाला ढकलले नाही, ही सबब चालत नाही. आपल्याकडची गुरे नाल्याकाठी चरतात, आणि बऱ्याच ट्रॉल्या तिथेच रिकाम्या होतात. सूरजागडच्या डोंगरावरची लाल माती पावसात शेतात उतरते, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. मग नाल्यात उतरणाऱ्या आपल्या कचऱ्याचे काय?

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, अनेक वर्षे बंद पडलेले एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले गेले. किरणोत्सर्गाने एक कामगार दगावला, आणखी काही जण आजारी पडले. कोणाचे वाईट करण्याचा हेतू तिथे नव्हता. तोडणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक नव्हते, एवढेच. वस्तूत काय आहे हे ठाऊक असणारा शेवटचा माणूस बहुधा टाकणाराच असतो. आपल्या अडगळीचेही तेच. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, बॅटरीत शिसे आणि आम्ल, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेकदा ॲसबेस्टॉस. पत्रा फोडला की त्याची धूळ फुप्फुसात जाते.

मग ठेवायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातला घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितले, पण तो गोळा करण्याची सोय खेड्यात सहजी मिळत नाही. निदान बॅटरी दुकानदार परत घेतो, वर पैसेही देतो. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून आरोग्य केंद्रात नेऊन विचारता येते. पत्रे न फोडता, ओले करून, अख्खे उतरवावेत. बाकीचे खोक्यात घालून वर नाव लिहून ठेवावे. गैरसोय होईल, हे मान्य.

दुभंगलेला क्रूस ट्रॉलीत टाकायला आपला हात धजत नाही. आपण तो चर्चमध्ये आणून देतो. जुन्या झावळ्याही फेकत नाही. त्यांचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतो. म्हणजे काही वस्तू टाकायच्या नसतात, हे आपल्याला मुळात कळते. ट्रॉलीतला मलबा उघड्या हातांनी उतरवणारी पोरे आपल्याच टोल्यांतली असतात.