किती औषध पुरेसे?

'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सल्ला आपल्याकडे काढ्याच्या पुडीपासून दवाखान्यातल्या भिंतीपर्यंत सगळीकडे भेटतो. कर्करोगाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. शरीरात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी२५ ही खूण असलेल्या टी-पेशी बाजूला काढल्या आणि उरलेल्या टी-पेशी, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्या पेशी उंदरांच्या थायरॉईडवर आणि जठरावर तुटून पडल्या. बाजूला काढलेल्या पेशी सोबत दिल्या, की आजार टळला. मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये यामागचे फॉक्सपी३ हे जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले.

अनेक गाठी याच नियामक पेशी स्वतःभोवती गोळा करतात आणि त्यांच्या आडोशाने वाढतात. मग त्या सरसकट मारून का टाकू नयेत? फॉक्सपी३ बिघडलेली मुले तान्हेपणीच मधुमेह आणि न थांबणाऱ्या जुलाबांनी आजारी पडतात, हे त्याचे उत्तर. कासरा सैल सोडायचा असतो, तोडायचा नसतो. शिवाय डोके-मानेच्या कर्करोगाच्या काही अभ्यासांत अशा पेशी जास्त असलेले रुग्णच अधिक जगलेले दिसले. त्यामुळे त्यांना नुसते शत्रू ठरवून भागत नाही.

आज हाताशी असलेली इम्युनोथेरपी हा कासरा दुसऱ्या टोकाने सैल करते. निव्होलुमॅब हे औषध लढणाऱ्या पेशींवरची पीडी-१ ही कळ झाकते. त्याची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. पण पीडी-१ झाकायला त्याहून फार कमी औषध पुरते, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते. मग कमी मात्रा तपासायची कोणी? कमी औषध विकले जावे म्हणून कोणती कंपनी स्वतःचा पैसा घालेल?

ते काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केले. विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या, बरे होण्याची आशा नसलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या स्वस्त गोळ्या. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या, आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षअखेर पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणामांत लक्षणीय वाढ झाली नाही. हे आकडे डोक्यावर घेऊन नाचण्याजोगे नाहीत. दुसऱ्या गटातही निम्म्याहून अधिक माणसे वर्षात गेली. आणि तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, त्यामुळे '२० म्हणजे २४० इतकेच' असे कोणी म्हणू नये. पण ज्याला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नाही, त्याच्यासमोरचा पर्याय २४० नसतोच. तो शून्य असतो.

मुळशीतल्या नेरे गावाचा विचार करा. हिंजवडीच्या आयटी पार्कलगतचे हे गाव. संगणकावर काम करणाऱ्याच्या खिशात कंपनीचा विमा असतो. त्याच इमारतीला विटा वाहणाऱ्याच्या गालात तंबाखूची गोळी आणि घरी म्हातारीच्या बोटावर मिश्री. तोंडाचा कर्करोग यातल्या कोणाकडे अधिक जातो, हे सांगायला नको. पूर्ण मात्रेचा खर्च महिन्याला लाखांत जातो आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे. हिशेब वर्ष सरायच्या आत संपतो.

म्हणून मला एका कुपीचे महत्त्व वाटते. निव्होलुमॅबची सर्वांत लहान प्रचलित कुपी ४० मिलिग्रॅमची, म्हणजे दोन रुग्णांपुरती. उघडलेली कुपी पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. म्हणजे दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलवावे लागते, रक्ताचे अहवाल त्याआधी हाती असावे लागतात आणि निर्जंतुक जागी औषध वाटून देणारा प्रशिक्षित माणूस लागतो. टाटात हे जमते. पुणे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात जमवायला नवे नोबेल लागत नाही; लागते ते ठरलेल्या वारी चालणारे डे-केअर केंद्र, आणि कमी मात्रेची पूर्ण मात्रेशी थेट तुलना करणाऱ्या चाचणीला सरकारी पैसा.