बातमी कोणाची?

मासिक पाळीसाठी आपल्या भाषांत जे जुने शब्द आहेत, ते बहुतेक घराला सांगण्यासाठी आहेत. मराठीत बाई 'बाहेरची' होते, 'बाजूला बसते', तिला 'कावळा शिवतो'. तमिळमध्ये 'तूरम्' म्हणजे दूर. कन्नडात 'मुट्टु' हा शब्द स्पर्शालाही चालतो आणि पाळीलाही. तिला काय होते आहे हे यातला एकही शब्द सांगत नाही. इतरांनी काय करायचे ते सांगतो. 'पाळी चुकली' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी बाळच येते. अविवाहित, तिशीतल्या मुलीची पाळी चार महिने आली नाही, तर तिच्या वाट्याला या शब्दांतून फक्त संशय येतो.

डॉक्टरी शब्दांचेही फार वेगळे नाही. गार्दान या फ्रेंच डॉक्टरने १८२१ साली रूढ केलेल्या 'मेनोपॉज'मध्ये नुसता थांबा आहे. आपण त्याची 'रजोनिवृत्ती' केली. निवृत्ती संन्याशाची असते, नाहीतर पेन्शनरची. आपल्याकडे साधारण ४६-४७व्या वर्षी हे घडते, तेव्हा तो शब्द शोभतो. चाळिशीच्या आत अंडाशयांचे काम मंदावले, तर 'अकाली निवृत्ती' म्हणजे नोकरीवरून काढून टाकणेच. फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ साली या अवस्थेला अंडाशयांचा 'अपुरेपणा' म्हटले होते. मग इंग्रजीत 'फेल्युअर' बोकाळले, आणि आता डॉक्टर पुन्हा अपुरेपणाकडे वळले आहेत. कारण अंडाशये अधूनमधून जागी होतात. या निदानानंतरही शेकडा पाच ते दहा जणींना आपसूक दिवस जातात. 'अपयश' हा शब्दशः अचूक अनुवाद खोटा ठरतो, तो असा.

अनियमित पाळीची बहुतेक कारणे अर्थात निराळी असतात: थायरॉईड, पीसीओएस, झपाट्याने घटवलेले वजन. रक्त तपासल्याशिवाय कोणी घाबरू नये, आणि कोणी घाबरवूही नये.

पण समजा, निदान पक्के झाले आणि घरात स्थळे पाहणे चालू आहे. सांगायचे का? आई-मावशा म्हणतात, कुठे बोलू नकोस गं. सरळमार्गी माणसे म्हणतात, लपवणे ही फसवणूक आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदाही महत्त्वाची गोष्ट फसवून लपवल्यास विवाह रद्द मागण्याची मुभा देतो. मला दोन्ही बाजूंचे गृहीत एकच दिसते: बातमी घराची आहे. एक घर ती दाबते, दुसरे मागते.

ज्याच्याबरोबर संसार करायचा, त्याला होकाराआधी सांगावे असे मी मानते. मूल हवे की नको, हे त्यालाही ठरवायचे आहे. अंधारात ठेवून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. मात्र सांगायचे तिने, आणि त्यालाच. मध्यस्थाला नाही, होणाऱ्या सासूबाईंना नाही. आणि त्याचेही काही सांगण्यासारखे असेल तर त्यानेही. मुलाची वीर्यतपासणी झाली आहे का, असे बैठकीत विचारणारे मुलीकडचे लोक मी अजून पाहिलेले नाहीत. एकीकडून सत्य मागायचे आणि दुसरीकडचे आरोग्य धरून चालायचे, ही बाजारातली पारख झाली. तिला सत्याचा आग्रह म्हणू नये.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. तो नकार देईल, घरी सांगेल, आठवड्यात सगळ्या नातलगांना कळेल. माझ्या तत्त्वाची किंमत मी भरत नाही, ती भरते. त्यामुळे जिथे हे असेच होणार हे ठरलेले आहे, तिथल्या मुलीच्या मौनाला फसवणूक म्हणायला मी कचरते. ते बरोबर आहे, असेही म्हणवत नाही.

एवढ्या चर्चेत मूल मधोमध आहे आणि ती कडेला. इस्ट्रोजेन लवकर घटले की हाडे विरळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून काही अपवाद सोडले तर पन्नाशीपर्यंत हार्मोन बाहेरून द्यावे लागते. बैठकीत हाडांबद्दल कोणी विचारत नाही. लग्न ठरो की मोडो, गोळी रोज घ्यायची असते. आणि सासरच्या सामाईक कपाटात ती कुठे ठेवायची, हे तिला पहिल्याच आठवड्यात ठरवावे लागते.