आधी प्रश्न, मग यंत्र



एखाद्याच्या मनात काय आहे, हे त्याने तोंड न उघडता यंत्राने काढून घेणे योग्य आहे काय? हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. पण तो आपल्या पुण्याच्या न्यायालयात येऊन गेला आहे.

१२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली. इतर पुराव्यांबरोबर तिच्या मेंदूच्या चाचणीचा अहवालही न्यायालयाने ग्राह्य धरला. या चाचणीला ‘बिऑस’ म्हणतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत पूर्वी काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी ती विकसित केली. माणसाच्या डोक्यावर तारा जोडलेली टोपी बसवतात आणि गुन्ह्याविषयीची वाक्ये त्याला एकामागून एक ऐकवतात. त्याने एक शब्दही बोलायचा नसतो. ही गोष्ट त्याने केवळ ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली आहे, हे मेंदूतील विजेच्या लहरींवरून संगणक सांगतो, असा दावा आहे.

ती तरुणी दोषी होती की निर्दोष, हे ठरवणे आपले काम नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. हे यंत्र साक्षीला उभे राहण्यापूर्वी त्याची स्वतःची उलटतपासणी झाली होती काय? निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, असे मत दिल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. प्रश्न विचारला गेला, पण माणसाला शिक्षा होऊन गेल्यावर.

आपण जालन्याची माणसे. बियाण्याचा व्यवहार आपल्याला चांगला कळतो. आपल्या जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने मान्यता दिली. तरीही ते शेतात जाण्यापूर्वी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत देशात सात ठिकाणी जनसुनावण्या झाल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, वादही झाले आणि ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी स्थगिती दिली. तो निर्णय बरोबर की चूक, याविषयी दोन मते आहेत. पण वांगे पेरण्याआधी लोकांना विचारले गेले. मेंदूचे यंत्र मात्र प्रयोगशाळेतून न्यायालयात पोहोचले आणि विचारणा मागाहून झाली.

असे होण्याचे एक साधे कारण पैशांत आहे. यंत्र बनवायला पैसा मिळतो. यंत्राने माणसाचे काय होईल, हे अभ्यासायला मिळत नाही. याला उपाय आहे. १९९० मध्ये मानवी जनुकांचा नकाशा तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अमेरिकेने त्याच्या खर्चातील तीन ते पाच टक्के रक्कम नैतिक, कायदेशीर व सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी बाजूला काढली. मेंदूविज्ञानालाही हाच न्याय लावता येईल. आता तर युनेस्कोच्या सभासद राष्ट्रांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये समरकंद येथे मेंदूच्या तंत्रज्ञानाच्या नीतीविषयी शिफारस स्वीकारली आहे.

कोणी म्हणेल, “फादर, गरीब देशात रुग्णांना औषध मिळत नाही आणि तुम्ही विचार करणाऱ्यांना पगार द्या म्हणता?” आक्षेप खरा आहे. मेंदूविज्ञानाने कंपवाताच्या रुग्णाचा हात स्थिर होतो, बहिऱ्या लेकराला आईचा आवाज ऐकू येतो. हे चांगले कार्य आहे आणि त्याला आपला विरोध नाही. परंतु शंभरातले तीन रुपये म्हणजे औषधाच्या तोंडचा घास नव्हे. शिवाय चुकीच्या यंत्राची किंमत कोण भरतो, ते पाहा. ती यंत्र बनवणारा भरत नाही. ज्याला वकील परवडत नाही, तो भरतो. कोठडीतल्या माणसाला कोणी म्हणाले, “निर्दोष असशील तर चाचणी करून घे,” तर त्याचा होकार खरोखर त्याचा असतो काय? नकार दिला तर तोच गुन्ह्याचा पुरावा ठरणार नाही काय? याचे उत्तर टोपी आणि संगणक देणार नाही. त्यासाठी कोणीतरी अशा माणसांसमोर बसून, त्यांच्याच भाषेत विचारले पाहिजे. आणि अशा अभ्यासाचा पैसा सरकारी तिजोरीतून आला पाहिजे. यंत्र विकणाराच पगार देऊ लागला, तर अभ्यास करणाऱ्याची जीभ जड होते.

ख्रिस्तसभेने या बाबतीत फार पूर्वी विचार मांडला आहे. ३ ऑक्टोबर १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी रोममध्ये दंडविधानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे सांगितले की, गुन्ह्याच्या तपासातून शारीरिक व मानसिक छळ आणि नार्को पद्धत वर्ज्य असली पाहिजे. सद्सद्विवेकबुद्धी हे माणसाचे अंतरीचे पवित्र स्थान आहे, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण आहे. पापनिवेदनाला येणारा माणूसही स्वतःच्या तोंडाने आणि स्वेच्छेने बोलतो. धर्मगुरू त्याच्या अंतःकरणात हात घालत नाही. कबुली ही द्यायची असते, हिसकावून घ्यायची नसते. हिसकावली की ती कबुली राहत नाही.

तेव्हा आपण काय करू शकतो? निवडणुकीत आपल्याकडे मत मागायला येणाऱ्यांना रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारू या की, मेंदूच्या संशोधनावर खर्च करताना त्याच्या नीतीच्या अभ्यासासाठी तुम्ही किती ठेवता? आपल्या धर्मग्रामातील कायदा, वैद्यक आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हा विषय अभ्यासाला घ्यावा. त्यांना घरून “यात नोकरी कुठे?” असे ऐकवू नये.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण २०१० नंतरही संमती घेऊन अशा चाचण्या होत राहिल्या आहेत. चाचणीला नकार देण्याचा अधिकार आपल्याला आहे. संमती द्यायचीच असेल, तर आधी वकिलाशी बोलता येते आणि ती संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच नोंदवावी लागते. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही. हे आपल्या शेजाऱ्यालाही सांगा. मग तो मिस्साला येणारा असो वा नसो.